बग्गीची अर्धी राहिलेली गादी

चाकणला मी मोटारींच्या सीट डिझाइन करायचे. माणूस आठ तास बसला तर त्याची कंबर कुठे धरते, मांडीखाली किती दाब येतो, शिवण कुठे घेतली तर टोचणार नाही, याचा विचार करण्यात माझी सात वर्षं गेली होती. मुलगी तीन वर्षांची असताना नवऱ्याला अमेरिकेत हर्नडनचा प्रोजेक्ट मिळाला आणि आम्ही इकडे आलो. तो एच-वन व्हिसावर, मी आणि मुलगी एच-फोरवर. म्हणजे मी इथे राहायचं, गाडी चालवायची, हवं तर कॉलेजात शिकायचं, पण काम करायचं नाही. हे मला निघण्याआधीच माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि सकाळी साडेआठला स्कूल बस गेल्यावर किचनमध्ये एकटीनं उभं राहणं वेगळं.

पहिली चार वर्षं मी काय केलं, हे कुणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही. ड्रायव्हिंग शिकले. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाचे कपडे शिवले. लायब्ररीतून पुस्तकं आणली, बरीचशी न वाचता परत केली. नवरा संध्याकाळी विचारायचा, "आज काय केलंस?" प्रेमानंच विचारायचा. मला मात्र त्या प्रश्नाची धास्ती वाटायला लागली होती.

हर्नडनच्या पश्चिमेला अर्धा तास गाडी चालवली की ऑफिसं संपतात आणि घोड्यांची कुरणं लागतात. तिथल्या एका शेतावर ऑक्टोबरमध्ये आम्ही मुलीला भोपळे आणायला घेऊन गेलो होतो. शेताला चक्कर मारून आणायला एक बग्गी उभी होती. हाकणारा पंचाहत्तरीचा गोरा गृहस्थ, उंच, जरासा वाकलेला. मुलगी घोड्याकडे बघत होती आणि माझा हात आपोआप सीटवर गेला. मी गादी दाबून बघितली. फोम नव्हता. दाब सोडल्यावर गादी सावकाश, विचार करत असल्यासारखी वर आली.

"आत काय भरलंय?" मी विचारलं.

ते मागे वळले. "घोड्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस. कुरळे करून भरतात. इतके लोक बसून गेले, पण हे अजून कुणी विचारलं नव्हतं."

मी माझं चाकणचं काम सांगितलं. चक्कर संपेपर्यंत आम्ही दोघं गादीवरच बोलत होतो. नवरा हसत होता. उतरताना ते म्हणाले, "ही बग्गी मी बनवलीय. शॉप इथून जवळच आहे. मंगळवारी मी एकटाच असतो, बघायला या."

मी गेले. पत्र्याचं छप्पर असलेलं एक मोठं कोठार होतं ते. एका बाजूला चाकं टेकवून ठेवलेली, मधे एका बग्गीचा नुसता लाकडी सांगाडा, आणि सगळीकडे व्हार्निशचा, चामड्याचा आणि ओल्या लाकडाचा वास. त्यांचे वडील हेच काम करायचे. जुन्या बग्ग्यांची दुरुस्ती जास्त, वर्षातून एखादी नवी. लाकूड आणि लोखंड त्यांच्याकडे. गाद्या, पाठी, हूड हे सगळं त्यांची बायको करायची. तीस वर्षं तिनं केलं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचं टेबल खिडकीशी तसंच होतं. दोन्ही टोकांना धार असलेल्या लांब सुया, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं, हस्तिदंती रंगाची एक चपटी पट्टी. त्यांचा उजवा हात थरथरायचा. रंधा धरला की थांबायचा, सुई धरली की पुन्हा सुरू व्हायचा.

त्या पहिल्या मंगळवारी मी फक्त बघितलं. दुसऱ्या मंगळवारी केस पिंजून दिले. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी एका सीटची जुनी, फाटकी पाठ माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "उसवून बघ. उसवताना जे समजतं ते शिवताना समजत नाही."

पुढे थंडीभर मी जात राहिले. मंगळवार, मग मंगळवार आणि गुरुवार. मुलगी शाळेतून यायच्या आत परत. घरात त्यांचं नाव 'बग्गीवाले काका' पडलं. मुलगी दारातच नाक धरायची, "आई, यू स्मेल लाइक अ हॉर्स!" आणि मला बरं वाटायचं.

बग्गीच्या सीटच्या पाठीला आत दाबलेली बटणं असतात आणि त्यांच्यामधे चामड्याच्या घड्या पडून शंकरपाळ्यांसारखी नक्षी तयार होते. दिसायला सोपी. पण प्रत्येक बटण मागून सुईनं ओढायचं, गाठ सरकवायची, घडी पट्टीनं खाली वळवायची, आणि हे करताना शेजारच्या बटणाचा ताण बदलतो. माझी पहिली पाठ त्यांनी पूर्ण उसवायला लावली.

"तू खेचतेस," ते म्हणाले. "घाई असल्यासारखी."

"घाई आहेच. अडीचला बस येते."

"बस तुझी आहे. चामड्याची नाही."

एकदा चाकाला लोखंडी धाव चढवायच्या दिवशी मी होते. आमच्याकडे बैलगाडीच्या चाकाला चढवतात तशीच. बाहेर अंगणात लोखंडाचं कडं जाळात लाल होईपर्यंत तापवलं. शेजारच्या शेतावरचे दोघं मदतीला आले होते. त्यांनी चिमट्यांनी कडं उचलून लाकडी चाकावर बसवलं, लाकूड पेटलं, आणि मी झारीनं पाणी ओतत चाकाभोवती पळाले. लोखंड आवळताना चाकाचे सांधे कडकड वाजले. काका ओरडून सांगत होते, "अजून! इकडे अजून!" चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर कामासाठी ओरडत होतं. घरी येताना गाडीत मी एकटीच मोठ्यानं हसले.

नाताळच्या आधी काकांनी मला पैशांचं एक पाकीट द्यायचा प्रयत्न केला. मी ते घेतलं नाही. व्हिसाचं सांगितलं. त्यांना ते विचित्र वाटलं, दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "ठीक आहे. मग हे काम नाही. ही मदत आहे."

मी तो शब्द पकडून ठेवला. खरं सांगायचं तर ते कामच आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच तर घरी मी 'कामाला जाते' असं कधी म्हटलं नाही. 'बघायला जाते' म्हणायचे. नवरा म्हणायचा, "जा ना, मन रमतंय तुझं." त्याला वाटायचं मी तिथे एखाद्या म्युझियममध्ये जावं तशी जाते. मी त्याचा तो समज दूर केला नाही.

जानेवारीत एक मोठं काम आलं. घोड्यांच्या एका मोठ्या फार्मच्या मालकीणबाईंना मुलीच्या लग्नासाठी चार जणांची उघडी बग्गी हवी होती, मे महिन्यात. समोरासमोर दोन सीट, दोन्ही पाठी बटणांच्या, गडद हिरवं चामडं. काकांनी ते काम घेतलं ते माझ्या भरवशावर. तसं बोलून दाखवलं नाही. फक्त एका मंगळवारी मी गेले तेव्हा त्यांच्या बायकोच्या टेबलावर हिरव्या चामड्याची गुंडाळी ठेवलेली होती आणि खिडकीशी नवा दिवा लावला होता.

मागच्या सीटची पाठ मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुरी केली. एकही बटण पुन्हा ओढावं लागलं नाही. ते बराच वेळ तिच्यासमोर उभे होते, मग आतून फोन आणला आणि माझा फोटो काढला. मी सुई दातात धरून हसतेय, मागे हिरवी पाठ. तो फोटो त्यांनी शॉपच्या पानावर सोशल मीडियावर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या शॉपच्या नव्या ट्रिमर.' बग्गीच्या धंद्यात गादीकाम करणाऱ्याला ट्रिमर म्हणतात. त्यांनी मला विचारलं नव्हतं. त्यांना अभिमान वाटला होता, एवढंच.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, एका शनिवारी मंडळाचं हळदीकुंकू होतं. संक्रांत होऊन गेली होती, पण शाळेचा हॉल रिकामा मिळाला तेव्हाच ते करायचं असतं. मी आणि नवरा प्लेट घेऊन उभे होतो, तेवढ्यात ओळखीची एक बाई लगबगीनं आली.

"अगं, अभिनंदन! जॉब लागला ना तुला? घोडागाडीच्या शॉपमधला फोटो बघितला मी. कित्ती युनिक! ईएडी कधी आलं तुझं?"

ईएडी म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड. माझ्यासारख्या बायका एकमेकींना भेटल्या की पहिल्यांदा त्याचीच चौकशी करतात.

नवरा माझ्या आधी बोलला. "नाही नाही, हॉबी आहे तिची."

"हो का? तिथे तर लिहिलंय..." ती म्हणाली आणि तिचं तिलाच काहीतरी लक्षात येऊन थांबली.

आम्ही तिळगूळ खाल्ला. कुणाकुणाशी बोललो. आम्ही गाडीत बसलो, दोन सिग्नल मागे पडले.

"ट्रिमर म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

"म्हणजे तू तिथे काम करतेस."

"पैसे घेत नाही मी."

"मी ते विचारलं नाही. तू तिथे काम करतेस का?"

"हो."

त्यानं गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घातली आणि थांबवली. मुलगी मागच्या सीटवर होती, म्हणून तो आवाज न चढवता बोलत होता आणि त्यामुळे ते जास्त भयंकर वाटत होतं. "आपलं व्हिसाचं एक्स्टेन्शन आत्ता फाइल झालंय. ग्रीन कार्डचा नंबर कधी लागेल देव जाणे. माझ्या टीममधला तो नागपूरचा आठवतो ना? व्हिसा नाकारला आणि दोन महिन्यांत घर आवरून गेले ते. मुलाची शाळा अर्ध्यात. आणि तू फोटो काढून घेतेस, यार? जगाला दाखवायला?"

"मी नाही टाकला तो."

"पण तू तिथे होतीस!"

"आर यू गाइज फायटिंग?" मुलीनं विचारलं.

"नाही बेटा," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

सोमवारी दुपारी त्यानं वकिलाला फोन लावला, स्पीकरवर. वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, "पगार घेतला?"

"नाही."

"तुम्ही जे करत होता, ते करायला शॉपच्या मालकांना नाहीतर दुसरं कुणी पगार देऊन ठेवावं लागलं असतं का?"

मी माझ्या बोटांकडे बघितलं. मेणाच्या दोऱ्यानं उजव्या तर्जनीवर कायमची एक रेघ पडली होती. "हो," मी म्हटलं.

"मग पगार घेतला नाही एवढं पुरत नाही. आजपासून थांबा. आणि कधी कुणी विचारलं, तर जे आहे ते खरं सांगा. काही लपवू नका."

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "तो फोटो काढायला सांग."

"त्या म्हणाल्या, लपवू नका."

"त्यांना काय जातंय म्हणायला?"

मंगळवारी त्यानं अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि मला घेऊन तोच गेला. पाऊस पडत होता. तो गाडीत बसून राहिला, इंजिन चालू ठेवून. मी आत गेले.

दुसऱ्या सीटची पाठ टेबलावर होती, निम्म्याहून जास्त झालेली. शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. गुरुवारी घाईत निघताना मी खोचून ठेवलेली सुई तशीच होती. त्यांनी चहा केला होता. इतर अमेरिकन करतात तसा पाणचट नाही; मी शिकवला होता तसा, आलं घालून.

मी जे बोलले ते माझं नव्हतं. वकिलाची वाक्यं मी एकापाठोपाठ एक म्हणून टाकली. त्यांना नीट समजेना.

"कुणी तक्रार केली का?"

"नाही."

"मग मी काही चूक केली?"

"तो फोटो. तो काढावा लागेल."

त्यांनी लगेच खिशातून फोन काढला. पण हात इतका थरथरत होता, की भलतंच काहीतरी उघडायचं. एकदा कॅल्क्युलेटर उघडला. मी बघत राहिले, मग मला ते बघवेना. शेवटी त्यांनी फोन माझ्याकडे दिला. खाली बऱ्याच लोकांनी लिहिलं होतं. कुणीतरी त्यांच्या बायकोची आठवण काढली होती, कुणी लिहिलं होतं की टेबलावर पुन्हा दिवा लागलेला बघून बरं वाटलं. मी ते सगळं वाचलं. मग माझ्याच बोटानं तो फोटो पुसला. तुम्हाला खात्री आहे का, असं फोननं विचारलं, तेव्हा मी 'हो' दाबलं.

"शेवटच्या दोन ओळी तरी?" ते म्हणाले. विनंती नव्हती ती. हिशेब जुळत नसल्यावर माणूस स्वतःशी म्हणतो तसं म्हणाले.

मी उत्तर देण्याच्या आत दार वाजलं. नवरा आत आला होता. दारातच त्यानं सवयीनं बूट काढायला सुरुवात केली, मग सिमेंटची जमीन बघून थांबला. "सॉरी, सर," तो म्हणाला. "माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला." त्यांनी त्याला चहा दिला. त्यानं उभ्यानंच घेतला. आणि चहा पिता पिता त्याची नजर टेबलावर गेली, तिथून भिंतीशी टेकवलेल्या पुऱ्या झालेल्या पाठीवर. तो जवळ गेला. हात लावला नाही, नुसता बघत राहिला.

परत जाताना बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "ते सगळं तू केलंस?"

"हो."

त्यानं वायपर जोरात केले.

एक्स्टेन्शन एप्रिलमध्ये आलं. एकही प्रश्न न विचारता. इमिग्रेशनच्या कुणी फोटो बघितला नव्हता, कुणी काही विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हतं कदाचित. पण ते आधी कसं कळणार होतं? नवऱ्यानं येताना पेढे आणले. मी देवापुढे ठेवले आणि मला राग आला. कुणाचा, ते ठरवता येईना.

लग्नाची तारीख मला माहीत होती. त्या शनिवारी मुलीला घेऊन मी चर्चच्या रस्त्याला गेले. नवऱ्याला सांगून गेले. तो म्हणाला, "लांबून बघ." काका बग्गी हाकत आले, काळा कोट, डोक्यावर उंच टोपी. गडद हिरवी बग्गी, चाकांवर बारीक पिवळ्या रेषा. नवरीच्या पायघोळ झग्यानं सीट झाकून गेली होती, मला काही दिसेना. सगळे उतरून आत गेल्यावर मी जवळ गेले.

समोरच्या पाठीच्या वरच्या ओळी माझ्या होत्या. खालच्या दोन त्यांनी केल्या होत्या. शंकरपाळ्या तिरक्या झाल्या होत्या, एका कोपऱ्यात घडी उघडून भरलेले केस डोकावत होते. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं.

"त्या दोन ओळींना मला तीन आठवडे लागले," ते म्हणाले.

"दुसऱ्या कुणाला बोलवायचं होतं."

"कुणाला?" त्यांनी विचारलं. खरोखरच विचारलं.

तेवढ्यात नवरीची आई बाहेर आली. काहीतरी विसरलं होतं तिचं बग्गीत. तिनं माझ्याकडे बघून ओळख पटल्यासारखं केलं. "या त्याच ना? फोटोतल्या? ज्यांनी सीट केली?"

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "नाही, नाही. ह्या शॉप बघायला यायच्या. यांना बग्ग्यांची आवड आहे."

"ओह," ती म्हणाली, गोड हसली, आपली पर्स घेतली आणि गेली.

काकांनी मला वाचवायला म्हणून म्हटलं होतं ते. मी घरी जे सांगायचे, अगदी तेच. पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मला उभं राहवेना. मुलगी घोड्याला गाजर भरवत होती, तिला ओढतच मी गाडीकडे नेलं. "आई, बट यू डिड मेक इट," ती म्हणाली. मी तिला गप्प बस म्हटलं. त्या वाक्यासाठी मी तिला रागावले, हे मला अजून लागून राहिलंय.

पुढच्या वर्षी नवऱ्याच्या कंपनीनं ग्रीन कार्डचा पुढचा टप्पा पार केला आणि माझं ईएडी आलं. कार्ड हातात पडलं त्या दिवशी मी शॉपला गेले. दाराला कुलूप होतं. शेजारच्या शेतावरच्या माणसानं सांगितलं, की थंडीत ते अंगणात घसरून पडले, कंबरेचं हाड मोडलं, आणि आता ओहायोला भाचीकडे असतात. त्यानं नंबर दिला.

"आता तुला चालतं?" फोनवर त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"हो. आजच आलं कार्ड."

"अरे वा." मग म्हणाले, "टेबल मी विकलं नाही. भाचीच्या गॅरेजमध्ये आहे. पण तुला एवढ्या लांब काय उपयोग."

मी येते म्हटलं. गेले नाही. आधी मुलीची परीक्षा होती, मग मला एका ऑफिसच्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि सुट्टी मिळेना. पुढच्या उन्हाळ्यात भाचीनं कळवलं, ते गेले. टेबलाबद्दल तिनं काही लिहिलं नव्हतं आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

परवा भांडी डिशवॉशरमध्ये लावताना नवऱ्यानं अचानक विचारलं, "मी तेव्हा दुसरं काय करायला हवं होतं?" इतक्या वर्षांत आम्ही त्यावर बोललो नव्हतो. कशावरून त्याला आठवलं, कुणास ठाऊक.

मी विचार केला. कायदा त्याच्या बाजूचा होता, भीतीही खरी होती, आणि तो मला कधी वाईट बोलला नाही. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

"काही नाही," मी म्हटलं. "तुझं बरोबर होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. ते उत्तर त्यालाही पुरलं नसावं. मग त्यानं हातातली प्लेट लावली, दार बंद केलं, आणि मशीन सुरू केलं.